तिसरा शेरा

मुन्नालालच्या तोंडाला वास नव्हता. तरी मी रजिस्टरमध्ये लिहिलं, दारू पिऊन आला. हा त्याचा दुसरा शेरा. तीन झाले की रैन बसेऱ्यातून नाव कट. रैन बसेरा म्हणजे ज्याला घर नाही त्याला झोपायला सरकारी खाट. मी तिथला केअरटेकर. बाहेर जानेवारीची थंडी.

माझं मुख्य काम नाकाचं. संध्याकाळी रांग लागते, प्रत्येकाने ‘हा’ करायचं, मी हुंगायचं. चौथी शिकलेल्याला याहून मोठं काम कोण देणार? कारखान्यातून रिटायर होऊन इंद्रपुरीत घरी बसलो होतो. मागच्या वर्षी बायको गेली, घर खायला उठलं, म्हणून हे धरलं.

मुन्नालाल डुलत यायचा. जीभ जड. जरा बोललं की खेकसायचा. वास नाही म्हणजे वेलची चावून आला, असं मी धरून चाललो. आणि रोज विचारायचा, “दादा, भाभी कैसी हैं?” पहिल्या दिवशी सांगितलं, वारली. ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा रडणं. असे चार दिवस. माझ्या सख्ख्या भावाने एकदाच फोन केला होता. पाचव्या दिवशी मी म्हटलं, “ठीक हैं.” खूश होऊन गेला. मलाही जरा बरं वाटलं.

रविवारी मटार सोलायचे होते. सकाळपासून माझ्याजवळ बसला. दाणे कचऱ्यात, टरफलं पातेल्यात. मी ओरडलो, तो डबल ओरडला. संध्याकाळी उठला आणि डुलत भिंतीवर आपटला. मी बघतच राहिलो. दिवसभर पुढ्यात होता. प्याला तो फक्त चहा, तोही माझ्या हातचा.

तेवढ्यात सुपरवायझर तिवारी साहेब आले.

“काका, ये फिर टुन्न! लिखो तीसरा.”

“नहीं लिखता. सुबह से मेरे पास बैठा है.”

“तो झूम क्यों रहा है?”

“आप खुद सूंघो.”

साहेबांनी नाक पुढे केलं. “लहसुन है.”

“लहसुन का रिमार्क होता है क्या?”

साहेब चिडले. म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर नाव कट.

सकाळी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, फरशीच्या रेघेवर टाचेला बोटं लावत चला. मुन्नालालला समजेना, म्हणून मी चालून दाखवलं. तिसऱ्या पावलाला कंपाउंडरच्या मांडीवर पडलो.

“काका, पर्ची आपकी भी बनाऊं?” बाई म्हणाल्या. मग त्याला विचारलं, “सिर में कभी चोट लगी?”

“कभी नहीं.”

बाईंनी त्याची कानटोपी काढली. डोक्यात अंगठा मावेल एवढा खड्डा.

“और ये?”

“ये? ये तो दीवार गिरी थी.”

“कब?”

“जब घर था.”

मी मटारचं सांगितलं, भाभीचंही सांगितलं. बाई हसल्या नाहीत. दुपारी स्कॅन झाला. मेंदूला जुना मार होता. तोल, जीभ, आठवण, राग, सगळं त्याच्यामुळे. पूर्ण बरं होणार नाही, पण औषधाने आणि व्यायामाने फरक पडेल. तसं त्यांनी लिहून दिलं.

तिवारी साहेबांनी कागद दोनदा वाचला. “तो फिर ये दो रिमार्क किस गधे ने लिखे?”

“इसी गधे ने.”

सरकारी रजिस्टरमध्ये खोडायची परवानगी नाही. दोन्ही शेऱ्यांखाली मी लिहिलं, ‘हे खोटं आहे, लिहिणारा चुकला’, आणि सही केली. मुन्नालालची खाट राहिली.

शिकलो एवढंच की आधी विचारायचं, मग लिहायचं. त्याच संध्याकाळी रांगेत सगळ्यांना विचारलं, डोक्याला कधी मार लागला का? सहा जणांचे हात डोक्याकडे गेले. त्यातल्या दोघांवर माझेच शेरे आहेत.