पुठ्ठ्याची तीन कार्डं

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात बाबा विमान चालवायला लागले. खरं विमान त्यांनी तोवर फक्त मान वर करून पाहिलं होतं. सरकारी मोजणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. जमीन मोजायची साखळी आणि नकाशांची भेंडोळी घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातला कातळ त्यांनी पायाखाली घातलेला. मी तेव्हा शहरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. माझा कॉम्प्युटर घरी बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी असायचा, आणि त्यात क्लासमधल्या कुणीतरी दिलेला विमानाचा खेळ होता. एका रविवारी बाबांनी सहज विचारलं, "यात कुठूनही उडता येतं?"

"येतं."

"अक्षांश-रेखांश टाकून?"

मी हो म्हटलं आणि उठून चहा करायला गेले. परत आले तर बाबा खुर्चीत पुढे सरकून बसलेले. रत्नागिरीचे आकडे त्यांना तोंडपाठ होते, ते त्यांनी एकेका बोटाने टाकले होते, आणि पडद्यावर आपला किनारा आला होता. घरं नव्हती, किल्ला नव्हता, नुसतं हिरवं आणि निळं. पण जमिनीची कड बरोबर होती.

"अगो, ही भाट्याची खाडी!" बाबा ओरडले. "हा किनारा मी खालून चाललोय. वरून असा दिसतो होय!"

त्या दिवसापासून ते रोज उडायला लागले. मी त्यांना एक जॉयस्टिक आणून दिली. वळण घेताना ते स्वतःच अख्खे डावीकडे कलायचे आणि विमान त्यांच्या मागून, आचके देत, कसंबसं कलायचं. कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतंच. समुद्र म्हणजे चिकटवलेला निळा घोटीव कागद. खाडीवर आलं की चित्र थिजायचं आणि पुन्हा हललं की विमान भलतीकडेच असायचं.

"याला काय लागतं गो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. साधं कार्डही चालेल, मधलं घेतलं तर उत्तम, आणि सगळ्यात वरचं असतं ते जरा अतीच. आमच्या घरात पंख्यापासून पावसाळी चपलेपर्यंत सगळं मधलं यायचं. दुकानदाराने तीन वस्तू मांडल्या की बाबांचा हात मधल्या वस्तूवर जायचा.

"वरचं घेऊ," ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "घ्या. पण माझ्या मालिकेच्या वेळी घरघर चालणार नाही. आवाज न करणारं बघा."

मारुती आळीत एक तरुण दुकानदार होता, मुंबईहून मागवून सुटे भाग द्यायचा. संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. मला हवं होतं त्या कार्डाचं नाव ऐकल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. रत्नागिरीत हे अजून कुणी घेतलेलं नाही, म्हणाला. मग विचारलं, "कुठल्या कंपनीचं?"

बाबा म्हणाले, "आत्ता हिने सांगितलं ना!"

"काका, ती चिपची कंपनी. ती चिप बनवते आणि दुसऱ्यांना देते. कार्ड त्या दुसऱ्या कंपन्या बनवतात. सध्या मुंबईत तीन मिळतील."

"आत चिप तीच?"

"तीच."

"म्हणजे हापूस तोच, पेटी तीन बागायतदारांची."

"पेटी, पेंढा, आणि आंबा किती पिकवून पाठवलाय ते," दुकानदार म्हणाला. बाबा इतके खूश झाले की त्यांनी तिथेच स्टूल ओढून घेतलं.

तिथून आमचे ते वेडे तीन आठवडे सुरू झाले. घरी प्रिंटर नव्हता, म्हणून क्लास सुटला की मी सायबर कॅफेत जायची आणि सापडेल ते छापून आणायची. तिन्ही कंपन्यांची नावं अशी अवघड होती की बाबांची जीभ वळेना. तेव्हा आम्ही खोक्यांवरच्या चित्रांवरून नावं पाडली. पहिल्या खोक्यावर चिलखत घातलेली एक बाई होती, पण चिलखत फारच अपुरं होतं. ती बाई. दुसऱ्यावर लाल डोळ्यांचा लांडगा. तिसऱ्यावर काहीच नव्हतं, नुसता कार्डाचा फोटो, आणि त्या कार्डाला पंखाच नव्हता. तांब्याच्या नळ्या आणि पत्र्याच्या पात्या, एवढंच. त्याचं नाव मुकं.

बाईच्या खोक्यात तीन खेळ फुकट होते. लांडगा कारखान्यातूनच थोडा जास्त पळवून पाठवलेला, त्यामुळे वेगाच्या सगळ्या तक्त्यांत तो वर. मुकं सावकाश, पण अजिबात आवाज नाही. बाबांनी मोठा कागद घेतला, मोजणीच्या नकाशावर मारतात तशा चौकटी आखल्या, आणि तांबड्या शाईने खुणा करायला लागले. सकाळी दात घासताना ते म्हणायचे, "लांडगाच." जेवताना, "पण बाईवर तीन वर्षांची हमी आहे." मी क्लासला निघाले की फाटकापर्यंत मागून यायचे, "मुक्याचं काही नवीन कळलं तर छापून आण गो!"

एका सकाळी ते दुकानदाराशी फोनवर बोलत होते. बाबा फोनवर नेहमी पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं बोलत.

"अहो, बाई फार तापते म्हणतात, खरं का? आणि वर्षभराने आवाजही चढतो? मग नको बाई. घरात आधीच एक आहे, तिला शांतता लागते."

आई हातातल्या पळीसकट बाहेर आली. "कुठली बाई?"

बाबांनी फोन ठेवला. खुलासा करायला म्हणून मी खोक्याचं चित्र असलेला कागद पुढे केला, आणि तो चिलखताचा प्रकार पाहून आई अजूनच गंभीर झाली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. ती खुर्चीत बसली आणि पळी मांडीवर टाकून हसत सुटली. त्यानंतर तीही सामील झाली. खालच्या आळीतल्या मैत्रिणीला तिने फोनवर सांगितलेलं मी ऐकलंय, "आमच्याकडे सध्या लांडगा की मुकं, एवढंच चाललंय."

लांडगा जवळजवळ नक्की झाला होता. एका रविवारी मला शंका आली म्हणून मी म्हटलं, "बाबा, हा जवळपास नऊ इंच लांब आहे. आत मावेल?"

बाबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मोजायचं काम! त्यांनी आईच्या साडीचं एक जुनं खोकं घेतलं, कपाटातून पोलादी पट्टी काढली, आणि छापलेल्या कागदावरच्या मापांप्रमाणे तिन्ही कार्डं पुठ्ठ्याची कापली. कडा अशा सरळ की हात फिरवावासा वाटे. प्रत्येकावर नाव लिहिलं. मी कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झाकणी काढली. मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाची तपकिरी खाच रिकामी होती, तिच्यात आम्ही एकेक पुठ्ठा बसवून पाहिला. बाई बसली. मुकं आरामात बसलं. लांडगा हार्ड डिस्कच्या चौकटीवर जाऊन आदळला आणि त्याचं टोक दुमडलं.

बाबा ते दुमडलेलं टोक सरळ करत बसले. "अर्ध्या इंचासाठी," ते पुटपुटले. "अर्ध्या इंचासाठी!" दुपारी ते जेवलेही कमी. मी त्यांना म्हटलं, हार्ड डिस्क वरच्या कप्प्यात हलवता येईल. ते एकदम ताठ झाले. "मग आधी का नाही बोललीस?" आणि लांडगा परत शर्यतीत आला.

शेवटचा निकाल दुकानदाराने लावला. आम्ही लांडग्याची ऑर्डर द्यायलाच गेलो होतो. त्याने टेबलाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि आमच्यासमोर उघडला. आत छोटे छोटे पंखे होते, सगळे मेलेले. काहींच्या आसाला तपकिरी गंज, काहींच्या पात्यांना खारट राखेसारखं काहीतरी.

"हा मांडवीतला, दीड वर्ष चालला. हा मिऱ्याचा. हे दोन राजिवड्यातले," तो डब्यात बोट फिरवत म्हणाला. "काका, आपल्या हवेत पंखा दोन पावसाळे काढत नाही. पंखा थांबला की कार्ड जळतं. तुमचं घर कुठे?"

बाबांनी सांगितलं. आमच्या घरातून समुद्राची गाज ऐकू यायची.

"मग ज्याला पंखाच नाही त्याचं काय बिघडणार?" दुकानदार म्हणाला.

"पण मे महिन्यात?" मी विचारलं. "पंखा नाही म्हणजे गरम होणारच."

घरी येऊन आईला सांगितलं, तर ती कोकम सरबत ढवळता ढवळता म्हणाली, "मे महिन्यात झाकणी काढून ठेवा आणि टेबलफॅन लावा. मी बसतेच की फॅनसमोर, मला काय होतं?" मुकं ठरलं.

आठवडाभराने पार्सल मुंबईहून रात्रीच्या खाजगी बसने सकाळी आलं. बाबांनी ते रिक्षात मांडीवर घेतलं आणि रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, "खड्डे सांभाळून हां." घरी आल्यावर आईने टेबलावर धुतलेला पंचा अंथरला. खोकं उघडलं, आतली करड्या रंगाची पिशवी कापली, आणि मी कार्ड बाहेर काढलं. ते जड होतं, थंड होतं आणि फार देखणं होतं. तांब्याच्या नळ्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळून गेलेल्या, दोन्हीकडे पातळ पात्यांच्या ओळी.

"दागिनाच की गो," आई म्हणाली.

मी वाकून ते खाचेत बसवायला गेले. लांबी बरोबर. पट्टीने मोजल्यासारखी बरोबर. पण कार्ड आत जाईना. मी जरा जोर दिला, मग थांबले. खाली वाकून पाहिलं आणि मला हसू फुटलं. कार्डाच्या पोटाखालच्या पात्या शेजारच्या खाचेतल्या मोडेमवर टेकल्या होत्या.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही जाडी मोजली होती?"

बाबांनी पुठ्ठ्याचं कार्ड हातात घेतलं. समोरून पाहिलं, मग आडवं धरून कडेने पाहिलं. पुठ्ठा तो पुठ्ठाच, साडीच्या खोक्याइतका जाड. "जमिनीला फक्त लांबी-रुंदी असते," ते हळूच म्हणाले. "उंचीचं आमच्या खात्यात कुणी कधी विचारलंच नाही."

आई भिंतीला टेकून हसायला लागली. तिला बघून बाबा, बाबांना बघून मी. माझ्या हातात ते महागडं कार्ड होतं आणि मला ते खाली ठेवायचं भान नव्हतं. आईने पुढे येऊन ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि पंच्यावर ठेवलं, तेही हसत हसतच.

मोडेम काढून मी सगळ्यात खालच्या खाचेत टाकलं. मग कार्ड टक् आवाज करून बसलं. तारा जोडल्या, बटणावर बोट ठेवलं, आणि वीज गेली. भारनियमन. चार वाजेपर्यंत.

ते तीन तास आम्ही कुणीही खोलीतून हललो नाही. बाबांनी दोनदा झाकणी उघडून आत डोकावून पाहिलं. आईने ताटं तिथेच आणली. जेवताना कुणीही दुसरा विषय काढला नाही.

चारला दिवा लागला. कॉम्प्युटर सुरू झाला, आणि कार्डाचा खरोखरच काही आवाज आला नाही. बाबांनी आकडे टाकले. पडदा क्षणभर काळा झाला, मग समुद्र आला. लाटा असलेला समुद्र. खेळातलं ऊन तिरपं पडलं होतं आणि पाण्यावर त्याचे तुकडे चमकत होते. विमान धावपट्टीवरून उठलं, कलंडलं, आणि एकही आचका बसला नाही. बाबा डावीकडे कलले, विमान त्यांच्याबरोबरच कललं. त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, लहान मुलाला वर उडवल्यावर ते काढतं तसा.

"उत्तरेला घ्या ना," आई म्हणाली.

"उत्तरेला कुठे?"

"केळशीला. माहेरी." हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की बाबांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं.

"अक्षांश सतरा पंचावन्न," ते म्हणाले आणि विमान वळवलं. समुद्र डाव्या हाताला ठेवून आम्ही निघालो. जयगडची खाडी गेली, दाभोळची गेली. आई खुर्ची ओढत ओढत पडद्याजवळ येत राहिली. हर्णै आल्यावर ती म्हणाली, "इथे आम्ही बैलगाडीने मासे बघायला यायचो. घ्यायचो नाही, नुसते बघायचो." हर्णैला एकही होडी नव्हती, नुसती वळणदार कड. तरी तिने कौतुकाने पाहिली.

"आता केळशी," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"ही काय. ही खालची."

"इथे एवढी झाडं नव्हती हो. आणि आमचा डोंगर कुठेय?"

"डोंगर त्यांनी घातला नाही. जागा मात्र हीच. शपथेवर सांगतो."

आईने पडद्यावर बोट टेकवलं. बाबा तिचं बोट बघत राहिले, आणि विमान नाकावर जाऊन पाण्यात पडलं. केवढे शिंतोडे उडाले! कार्ड नव्हतं तेव्हा ते कधी उडालेच नव्हते.

"बुडवलंत!" आई ओरडली. "अगदी दारात आणून बुडवलंत! पुन्हा न्या. नाही, थांबा, मला द्या ते."

तिने जॉयस्टिक दोन्ही हातांनी, उखळातलं मुसळ धरावं तशी धरली. मी या वेळी विमान थेट केळशीवर हवेत सोडलं. आईने काठी उजवीकडे ढकलली ती ढकललीच. विमान केळशीभोवती गोल गोल फिरायला लागलं, समुद्र, हिरवं, समुद्र, हिरवं. तिला ते थांबवता येईना. बाबा "सोड, अगो सोड!" म्हणत टाळ्या वाजवत होते, आणि आई खुर्चीत उजवीकडे पार कलून म्हणत होती, "राहू दे हो, फिरू दे अजून जरा."