पिल्लू बचाव उपसमिती

दुबईच्या देऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा एक नियम होता: समिती नेमल्याशिवाय कुठलंही चांगलं काम करायचं नाही. गणपतीला समिती, कोजागिरीला समिती, हळदीकुंकवाच्या तिळगुळालासुद्धा समिती. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका मार्चमध्ये, आमच्या बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये भटक्या मांजरीला चार पिल्लं झाली तेव्हा मंडळ स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, माझ्या हॉलमध्ये बैठक भरली. पोहे झाले, चहा झाला आणि सर्वानुमते 'पिल्लू बचाव उपसमिती' स्थापन झाली. घर माझं, म्हणून चिटणीस मी.

पाहणीसाठी आम्ही पाचजण खाली उतरलो. भिंतीच्या सावलीत एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. डोळे नुकते उघडलेले. खोकं आणि शेजारची पाण्याची वाटी आमच्या नातूरने, म्हणजे बिल्डिंगच्या पठाण वॉचमनने ठेवली होती. तो जुम्याच्या नमाजाला गेला होता, आणि वॉचमनला विचारावं असं मंडळाच्या घटनेत कुठे लिहिलं होतं? पिल्लांची आई दिसत नव्हती. आम्ही तिची वाट पाहिली. चांगली पाच मिनिटं पाहिली.

"टाकून गेली असणार. भटकीच ती," अध्यक्ष म्हणाले, आणि खोकं माझ्या एसी हॉलमध्ये आलं.

मग आमच्या मायेला ऊत आला. गाईचं दूध कोमट केलं, पुण्याहून आणलेल्या फुलवाती त्यात बुडवून पिल्लांच्या तोंडात पिळल्या. अध्यक्षीणबाईंनी पुढच्या शुक्रवारी बारसं करायचा प्रस्ताव मांडला. घुगऱ्या कोणी करायच्या यावर अर्धा तास गेला. तेवढ्यात सगळ्यात लहान, करड्या पिल्लाला जुलाब सुरू झाले, तेही गालिच्यावर. गालिचा माझा असल्याने त्या विषयावर कोणी चर्चा केली नाही.

खाली एक मांजरी ओरडत होती. भिंतीपाशी यायची, गाड्यांखाली डोकवायची, पुन्हा ओरडायची. आम्ही इतके दयाळू, की बाल्कनीतून बघून आम्हाला तिचीही दया आली. "बिचारी उपाशी आहे," असं म्हणून मी बांगड्याची दोन डोकी घेऊन खाली गेले. तिने ती हुंगलीसुद्धा नाहीत.

"नखरे बघा!" अध्यक्षीणबाई वरून म्हणाल्या.

नातूर नमाजाहून परतत होता. तो माझ्याकडे आणि बांगड्याकडे बघत राहिला.

"भाभीजी, ये खाना नहीं माँगता. इसका बच्चा किधर गया?"

मला लाज वाटली. "कमिटी ने शिफ्ट किया," एवढंच म्हणाले आणि वर पळाले.

प्राण्यांच्या दवाखान्यातून एका परदेशी बाईंचा नंबर मिळाला. त्या शारजातल्या आपल्या व्हिलात भटकी मांजरं सांभाळायच्या आणि पिल्लांच्या त्या हंगामात त्यांच्या बाथरूममध्येही मांजरंच होती. आई किती वेळ नव्हती, एवढंच त्यांनी फोनवर विचारलं. पाच मिनिटं, मी म्हणाले. मग त्या म्हणाल्या, आई खायला शोधायला जाते आणि परत येते. पिल्लं जिथून उचलली तिथेच ठेवा, आणि तुम्ही सगळे तिथून निघून जा. गाईचं दूध बंद. पिल्लं स्वतः खायला लागली की कळवा, आईचं नसबंदीचं ऑपरेशन करून तिला पुन्हा तिथेच सोडू. इतक्या सोप्या कामात समितीला काही वावच नव्हता. अध्यक्ष जरा नाराज झाले.

खोकं परत ठेवलं आणि मी जिन्याच्या खिडकीआड उभी राहिले. ती आली. एकेकाला हुंगलं. एकाला मानेला धरून मागच्या गल्लीत घेऊन गेली, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. करड्याला तिने खूप वेळ चाटलं. त्याचं अंग पार गळून गेलं होतं. ती त्याच्याजवळ बसली, उठली, आणि गेली. अंधार पडेपर्यंत मी तिथेच होते. ती आली नाही.

करड्याला मी वर आणलं आणि पुन्हा फोन केला. बाई स्वतः गाडी घेऊन आल्या. पिल्लांचं दूध आणि ड्रॉपर देऊन गेल्या, कसं धरायचं ते दाखवून गेल्या. मी दर दोन तासांनी पाजलं, मोज्यात गरम पाण्याची बाटली घालून उशाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या मांडीवर गेलं. मी हमसून हमसून रडले. पोहे केले होते त्याच घरात.

बाकीची तिन्ही वाढली. नातूर पाणी ठेवत राहिला. आईचं ऑपरेशन झालं आणि त्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेली ती मांजरी पुन्हा पार्किंगमध्ये हिंडू लागली. यातलं काहीही समितीने केलं नव्हतं.

मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी स्वतः लिहिलेला अहवाल वाचला: उपसमितीने चार पिल्लांना जीवदान दिलं. टाळ्या पडल्या. मी आठवडाभर एक वाक्य घोकत होते: आपण पिल्लं आईपासून चोरली, आणि एक आपल्या दुधाने मेलं. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन कोण देतंय? सगळ्यांच्या माना चिटणिसाकडे वळल्या.

मी उभी राहिले आणि अनुमोदन दिलं.