मीनाचा हातगुण

विमानाचं तिकीट ऑनलाइन काढताना विद्यार्थी नेमकं काय बघतात, असं कुणी हर्षालीला विचारलं असतं, तर तिने सरळ सांगितलं असतं, मीनाचं बोट! कॉलेज रोडजवळच्या त्यांच्या हॉस्टेलात सवलती, वेळा, लोकांनी ॲपला दिलेले तारे, सगळं पारखून झालं की पोरी फोन घेऊन मीनाकडे यायच्या. शेवटचं बटण तिनेच दाबायचं. तिच्या हातचं विमान म्हणे कधी रद्द होत नाही. एवढ्या शिकल्यासवरल्या पोरी, पण हातगुणापुढे सगळ्या गप्प.

मीना नामपूरची. सगळ्यांना उडवणारी ही बया स्वतः कधी विमानात बसली नव्हती. "माले बी एक डाव खिडकीजोडे बसनं शे," असं हसत म्हणायची. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने ती गेली. तिच्या आईने तिचा फोन तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला, हर्षालीला दिला, आणि पोरी आता त्याच फोनवरून तिकिटं काढू लागल्या.

फक्त एक होतं. प्रवाशांची नावं निवडताना मीनाच्या नावापुढे आपोआप टिक व्हायची. पोरी ती मुकाट्याने काढून टाकत.

परवा हर्षालीची बंगळुरूला नोकरीची मुलाखत होती. त्याच्या चार दिवस आधी भर दुपारी ती मीनाच्या फोनवर तिकीट काढायला बसली. 'दोनच जागा शिल्लक' म्हणून ॲप लाल अक्षरांत धमकावत होतं. तिने मीनाची टिक काढली, तर पैसे जाईनात. पुन्हा काढली, पुन्हा तेच. स्वतःच्या फोनवर तर विमानच भरलेलं दिसत होतं. हातातोंडाशी आलेली नोकरी जाणार, या विचाराने ती रडायच्या बेतात होती. तेवढ्यात मीनाचा रिकामा पलंग करकरला.

"बरं बाई, चल," हर्षाली कशीबशी म्हणाली आणि टिक तशीच ठेवली.

तिकिटं एका झटक्यात निघाली. खिडकीची जागा मीनाच्या नावावर पडली होती. हर्षालीने ती निवडलीच नव्हती.

ओझरच्या विमानतळावर विमानात बसल्यावर शेजारची ती खुर्ची अर्थातच रिकामी होती. हवाईसुंदरीने खिडकीची झडप उघडायला सांगितलं. हर्षालीने हात पुढे केला, पण तो पोचायच्या आतच झडप सावकाश वर सरकली.

विमान उठलं, खाली द्राक्षबागा लहान लहान होत गेल्या. हर्षाली भीतीने थिजली होती, तरी डोळे घळाघळा वाहत होते. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, कुणीतरी नाक टेकवून बाहेर बघत असल्यासारखी.