घाबरलेल्या माणसासाठी लिहिलेलं

आमच्या महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात न घाबरणारा माणूस सापडणं कठीण, पण बाराही महिने शिस्तीत घाबरणारा एकच, तो माझा मावसभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. पुण्यातल्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम तो महाडच्या घरात बसून करतो, आणि घर अर्थातच दुसऱ्या मजल्यावर. जरा गार वारा सुटला की काम सोडून नदी बघून येतो. त्याच्या घरातला टॉर्च दाराआडच्या खिळ्यालाच असतो. पाहुण्यानं तो चुकून टेबलावर ठेवला, तर दादा बोलता बोलता उठून परत खिळ्याला अडकवतो आणि म्हणतो, "अंधारात हात आधी इथेच येणार."

त्याची आई, म्हणजे माझी मावशी, पोलादपूरजवळच्या कापडे गावात डोंगराच्या पायथ्याशी एकटी राहायची. झड आली की दादा फोन करून तिला शाळेच्या इमारतीत जायला सांगायचा. असे इतके फोन झाले की ती वैतागली. "तुझा फोन आला म्हंजे पाऊस पडतोय, येवढंच कळतं. सगल्या गावाला मेसेज येईल तवाच निघंन मी." मग दादानं ठरवलं की गावाला मेसेज जाईल असंच काहीतरी करायचं. गावकऱ्यांनी पावसाचं माप फोनवर भरायचं, ते ठरवलेल्या हद्दीपलीकडे गेलं की डोंगराखालच्या घरांना आपोआप मेसेज जाणार. हा प्रोग्रॅम लिहायला आम्ही तिघं होतो: दादा, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी मी, आणि माझा वर्गमित्र इरफान, जो मस्कतला असतो.

कोड लिहायच्या आधी तो कसा लिहायचा यावरच आमचे कितीतरी रविवार गेले. ओळ आत सरकवायला टॅब की चार स्पेस, इथपासून भांडण. इरफानचा हात चलाख, पाच ओळींचं काम एका ओळीत बसवायचा आणि वर खूश व्हायचा. दादा ते परत पाठवायचा. एका ओळीत एकच काम, नावं पूर्ण, आणि प्रत्येक फाइलमध्ये आधी हद्द, मग पाऊस, शेवटी मेसेज पाठवणं. मी एकदा पाठवणं वर घेतलं, तर घराला आग लागल्यासारखा त्याचा फोन आला. इरफान म्हणाला, विमानतळावरसुद्धा माझी एवढी झडती होत नाही. एवढं बाळबोध कुणासाठी लिहायचं, असं मी शेवटी विचारलं.

"घाबरलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे," दादा म्हणाला. आम्ही पोटभर हसलो.

जुलैतल्या एका दुपारी मी त्याच्याकडे होते. कापड्यातल्या पावसानं हद्द ओलांडली, आणि नेमकी मेसेज पाठवणारी सेवा बंद पडली. दादानं आईला फोन लावला. मेसेज कुठं आलाय, असं म्हणून तिनं तो ठेवून दिला. आता मेसेज दुसऱ्या सेवेकडे वळवणं एवढंच हातात होतं. दादा लॅपटॉपसमोर बसला. बोटं कीबोर्डवर टेकली ती टेकलीच, हलेनात. मीही घाबरले होते. ती फाइल इरफाननं लिहिलेली, मी कधी उघडलेली नाही. मी लॅपटॉप ओढला आणि थेट फाइलच्या तळाला गेले. पाठवणं तिथंच होतं. खाली दुसऱ्या सेवेचं पूर्ण नाव. एक ओळ बदलली आणि मेसेज जायला लागले.

थोड्या वेळानं मावशीचा फोन आला. शाळेतून होता. "आलो सगली हितं. तू जेवलास का रे?" संध्याकाळी दरड आली आणि तिचं घर घेऊन गेली.

"वेळ आली की माझे हात चालणार नाहीत, हे मला माहीत होतं," दादा खाली बघत म्हणाला. "म्हणून तुम्हाला एवढं छळलं."

मावशी आता त्याच्याकडेच असते. तिला कसलीच शिस्त ठाऊक नाही. टॉर्च कधी डाळीच्या डब्यामागे, कधी तिच्या उशाखाली. लाइट गेले की दादाचा हात सवयीनं खिळ्याकडे जातो आणि रिकामाच परत येतो. "हाय रे हितंच कुठंतरी," आतून मावशी म्हणते. दादा चाचपडत आत जातो आणि अंधारातच तिच्याजवळ बसतो.