जावयाला रायपूर दाखवलं

माझी पोरगी म्हैसूरला राहते आणि हा गुन्हा माझाच आहे. सरकारी नोकरीतली प्रवासाची सवलत वाया जाऊ नये म्हणून मीच सगळ्यांना तिकडे फिरायला नेलं होतं. मीनलला ते गाव असं काही आवडलं, की पुढे तिनं नोकरी तिथलीच धरली, नवराही तिथलाच केला. (मी फक्त चंदनाचे साबण घेऊन आलो होतो.)

गेल्या दिवाळीत दोघं चार दिवसांसाठी रायपूरला, आमच्या चौबे कॉलनीत आले. मी ठरवलं, फिरायला नेऊन पोरगी गेली, तर आता फिरवूनच परत आणायची. जावयाला रायपूर आवडलं की झालं!

"काहून उन्हात फिरवता त्याईले? घरी बसू द्या ना," बायको म्हणाली.

"तुले नाही समजत."

पहिल्या दिवशी पंडरीचा कपडा बाजार, दुसऱ्या दिवशी सिरपूरची देवळं, तिसऱ्या दिवशी छत्तीसगडची नवी राजधानी. तिथले रस्ते एवढे रुंद आणि रिकामे, की आपण चुकलो हे समजायलाच तास गेला. विचारायचं कोणाला? एक गाय होती. तीही नवीनच असावी. तिसऱ्यांदा त्याच चौकात आलो तेव्हा जावई अदबीनं म्हणाले, "पापाजी, ये वाला देख लिया."

"बाबा, मले तुमच्याशी बोलायचं आहे," मागच्या सीटवरून मीनल म्हणाली.

"उद्या बोलू बेटा. आत्ता जंगल सफारी बंद होईल."

उद्या उजाडला, तर मी धबधब्याची सहल काढली.

शेवटी स्टेशनवर, गाडी लागल्यावर ती बोलली. "बाबा, आम्ही इकडेच राहायला यायचं पाहून राहिलो होतो. तुमच्याजवळ. घर शोधायचं होतं, तुम्हाले विचारायचं होतं. चार दिवसांत वेळच नाही भेटला."

"मग आता?"

"आता हे म्हणतात, एवढं पाहायसारखं आहे तर दरवर्षी फिरायलाच येत जाऊ. राहण्याचं मग पाहू."

गाडी गेली. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "पोट्टी माझ्या हातचं दोनदा जेवली फक्त." मग ती रडली. मीही रडलो, बाथरूमचा नळ सोडून.

परवा जावयांचा फोन आला. त्यांचे दोन मित्र सहकुटुंब रायपूर पाहायला येऊन राहिले आहेत, आणि गाइड म्हणून त्यांनी माझंच नाव सुचवलं आहे.