माझ्याच डोळ्याची कड

घराला ऑइलपेंट लागला तरी गोठ्याला दिवाळीआधी चुनाच लावायचा, ही आमच्या कळसाडीच्या घरची रीत. त्या वर्षी लोखंडी ड्रमात कळीचा चुना टाकून मी वर पाणी ओतलं. चुना खदखदायला लागला. ढवळायला म्हणून मी काठी घेऊन वाकले आणि तळातला एक मोठा खडा फुटला. उकळता चुना सरळ उजव्या डोळ्यात गेला.

पुढचं मला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. शेजारीण ओरडत होती, "तूप आना, तूप!" तिच्यावर सासूबाईंचा आवाज चढला, "तूप नको, पानी! मोटर लावा!" त्यांनी माझी मान पकडली आणि डोकं बोअरच्या नळीखाली घातलं. मी किंचाळत होते, डोळा घट्ट मिटत होते. सासूबाई बोटांनी माझ्या पापण्या फाकवून धरत होत्या. "उघाड, पोरी. डोया उघाड." दोघी चिंब झालो तरी त्यांनी मला सोडलं नाही. शहाद्याच्या डॉक्टरांनी पापणीखालचे चुन्याचे कण काढले तेव्हा म्हणाले, "एवढं पाणी मारलं म्हणून डोळा जागेवर राहिलाय."

डोळा जागेवर राहिला, पण नजर गेली. जखम भरत आली तशी बुबुळावर लालसर, जाड साय चढत गेली. उजेड आणि अंधार एवढंच काय ते कळायचं. उन्हात गेलं की डोळ्यातून पाण्याची धार लागायची.

मी गाडी चालवणारी बाई. माहेर खांडबाऱ्याचं, वडिलांच्या जीपवर हात बसलेला. सासरी आल्यावर कापूस, भाजीपाला घेऊन आमचा पिकअप शहाद्याला मीच न्यायचे. गावानं आधी तोंडं वाकडी केली, मग सवय झाली. आता मात्र मला अंतरच समजेना. चहा कपाबाहेर सांडायचा. एकदा हट्टानं पिकअप काढला आणि फाटकाच्या खांबाला घासला. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, किल्ली आपल्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवसापासून माल तेच न्यायला लागले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मला कुणीतरी सांगितलं होतं की मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवतात. त्या आशेनं मालक आणि मी रेल्वेनं सुरतेला गेलो. खांडबाऱ्याला माझा धाकटा भाऊ गाडीत चढला. सुरतेच्या डॉक्टरीणबाई गुजरातीत बोलत होत्या. आमच्याकडे ती सगळ्यांनाच कळते.

त्यांनी डोळा नीट तपासला आणि म्हणाल्या, "नुसतं बुबुळ बदलून भागणार नाही. महिन्याभरात पुन्हा साय चढेल."

"का?" मी विचारलं.

त्यांनी कागदावर डोळा काढला. काळं आणि पांढरं जिथं मिळतं त्या कडेवरून पेन फिरवलं. "इथं मूळ पेशी असतात. बुबुळावरची कातडी सतत झिजते, आणि या कडेवरच्या पेशी सतत नवी तयार करतात. तुमच्या उजव्या डोळ्याची ही कडच चुन्यानं जळाली. नवं काही उगवतच नाही, म्हणून बाजूचं मांस बुबुळावर सरकतंय. मला तिथं पुन्हा मूळ पेशी लावाव्या लागतील."

"कुठून आणणार?"

"तुमच्या डाव्या डोळ्यातून."

 मालक म्हणाले, "एक ते गया. दुसरा बी गया ते काय करसूत?"

भाऊ खुर्चीवरून उठला. "मन्हा डोयाना ल्या. ताईना चांगला डोयाले हात लावू नका."

डॉक्टरीणबाईंनी त्याला बसायला सांगितलं. सख्ख्या भावाच्या पेशी लावता येतात, त्या म्हणाल्या, पण शरीर त्यांना परकं समजतं. त्यांना टिकवायला जोरदार औषधं घ्यावी लागतात, तीही वर्षानुवर्षं. स्वतःच्या पेशींना तसलं काही लागत नाही. डाव्या डोळ्याच्या कडेचा अगदी बारीक तुकडा पुरतो, आणि ती जागा उरलेल्या पेशी आपणच भरून काढतात. "धोका मुळीच नाही असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तो फार कमी आहे. घरी जा, विचार करा."

घरी आठवडाभर तोच विषय. मालकांना जेवण जाईना. मीसुद्धा डावा डोळा झाकून घरातून चालून बघायचे. भिंतीला हात लावत, उंबरठा पायानं चाचपत. हे असंच कायमचं झालं तर?  सासूबाई सगळं बघत होत्या. एक दिवस केळीच्या बुडातले मुनवे, म्हणजे कोंब, दुसरीकडे लावायला काढताना त्या मालकांना म्हणाल्या, "मुनवा काढतस तवय केळ मरस का?" मालक म्हणाले, "डोया म्हनजे केळ नही, माय." त्या म्हणाल्या, "नही. पन तिले ठरवू दे. डोया तिना शे."

मी ठरवलं. भीती गेली म्हणून नाही. आंधळेपणाची तालीम करत बसण्यापेक्षा एकदा सामोरं गेलेलं बरं, एवढंच मनात पक्कं झालं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं. आधी उजव्या बुबुळावरची साय खरवडून काढायची. मग तिथं एक पातळ पापुद्रा पसरायचा. बाळंतपणात वारेबरोबर पडतो तो पापुद्रा. कुणा बाईनं बाळंत झाल्यावर तो दान दिलेला. त्यावर माझ्या डाव्या डोळ्याच्या तुकड्याचे बारीक बारीक कण मांडून चिकटवायचे. कण वाढतात, पसरतात, एकमेकांना मिळतात. हे ऐकताना, या खेपेला बरोबर आलेल्या सासूबाई हात जोडून बसल्या. वार म्हणजे आमच्याकडे जमिनीत पुरायची वस्तू. "कोन व्हई ती माउली," त्या म्हणाल्या. मलाही ती बाई टेबलावर आडवी होईपर्यंत आठवत राहिली. तिचं बाळ आता चालत असेल.

डाव्या डोळ्याला काही झालं नाही. दोन-चार दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपलं, मग तेही थांबलं. मालक रोज सकाळी त्या डोळ्यासमोर कॅलेंडर धरून मला तारखा वाचायला लावायचे आणि मी वाचल्या की सुटकेचा निःश्वास टाकायचे.

उजव्या डोळ्यानं मात्र सगळ्यांना थांबायला लावलं. पट्टी निघाली तेव्हा समोर दाट धुकं होतं. मी रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेरणी परवा झाली आणि तुम्ही आजच कापूस वेचायला निघालात." थेंब टाकत राहिले. धुकं पातळ होत गेलं. आधी खिडकीची चौकट आली, मग दारातली माणसं, मग त्यांचे रंग.

एका सकाळी चुलीपाशी बसले होते. सासूबाईंनी माझ्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला.

"मी दिसस का तुले?"

"दिसता."

"मन्हा हातमा काय शे?"

"लसूण."

हात पदराआड गेला, पुन्हा बाहेर आला. "आते?"

"मिरची. लाल."

परत एकदा. "नि हाई?"

मी निरखून पाहिलं. "काही नाही. हात रिकामा आहे." मग मी जरा पुढं झाले. "आणि तुमच्या कपाळावरचं गोंदण हिरवं आहे. खालचा ठिपका पुसट झालाय."

त्या मोठ्यानं हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. मालक गोठ्यातून धावत आले. त्यांना वाटलं पुन्हा काही झालं.

बुबुळावर एक पुसट डाग राहिलाय. बारीक अक्षराला चष्मा लागतो. पण दोन्ही डोळे मिळून पाहतात आणि मला अंतर कळतं. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला परवानगी दिली. आधी मी मोकळ्या शेतात, मग कॅनॉलच्या रस्त्यावर, मग शहाद्याच्या बाजाराच्या गर्दीत चालवून पाहिली. एका बैलगाडीला वळसा घालून इतकी अलगद निघाले की शेजारी बसलेल्या मालकांनी दाराची कडी धरली होती ती सोडली.

त्यानंतरच्या तपासणीला आम्ही रेल्वेनं गेलोच नाही. तळोदा, अक्कलकुवा, खापर करत मी पिकअपनंच गुजरातेत शिरले. मालक घरी गुरांपाशी राहिले. शेजारी फक्त सासूबाई. खापरला भजी खाल्ली. पुढं वळणावळणाचा रस्ता लागला, समोरून ट्रक यायचे, आणि प्रत्येक ट्रक नेमका किती लांब आहे ते मला दिसत होतं. सासूबाई खिडकीवर कोपर टेकवून डोंगर बघत होत्या. थोड्या वेळानं त्या झोपून गेल्या. माझ्या गाडीत एवढं निवांत कुणी झोपलं, याचा मला कोण अभिमान वाटला!

सुरतेला डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून डोळा बघितला, मान हलवली आणि सहज विचारलं, "आज कुणी आणलं तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "मन्ही सूननी आनं माले," त्या म्हणाल्या. बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.