वेलची किती टक्के

आखातातल्या आमच्या रिग्गईच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी एक चिमुकला इलेक्ट्रॉनिक काटा असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, मी सोनं तोलते. मी नवऱ्याचा धूर तोलते.

झालं असं, की जाब्रियाच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या ह्यांचे रिपोर्ट बघितले आणि सांगितलं, सिगारेट आजपासून बंद. हे पडले बँकेतले, वाटाघाटी केल्याशिवाय उठायचे नाहीत. शेवटी व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर तडजोड झाली, तीही सिगारेट सुटेपर्यंतच. पण दुकानातलं तयार लिक्विड ओढलं की ह्यांना च्युइंगमच्या कारखान्यात कोंडल्यासारखं व्हायचं. ह्यांना हवी होती वेलची. मग मी पदर खोचला, म्हणजे ओढणी कमरेला बांधली आणि फरवानियातलं एक व्हेपचं दुकान गाठलं.

दुकानदाराने निकोटिन आधीच मिसळलेला बेस, म्हणजे बिनवासाचं मूळ लिक्विड दिलं आणि वेलचीच्या फ्लेवरची बाटली दिली. म्हटलं, "श्रीखंडात घालतो तो इसेन्स आहे की माझ्याकडे." त्याने छातीवर हात ठेवला. "मॅडम, वो खाने का है! उसमें तेल होगा तो सीधा फेफड़े में जाएगा!" मग शांत होऊन म्हणाला, "चार-पाँच परसेंट से शुरू करना. हफ्ताभर रखना, फिर चखाना."

शंभरात पाच! घरी आलेल्या माणसाला अर्धा कप चहा द्यावा, तसं वाटलं मला ते.

आता चाखायचं कुणी? मी तर धूर ओढत नाही. पण गणपतीत इथल्या निम्म्या मराठी घरांचा नैवेद्य माझ्या हातचा असतो आणि नैवेद्य कधी चाखत नाहीत. भांड्यावर वाकून वाफेचा वास घेतला, की काय कमी आहे ते मला कळतं. तोच न्याय मी इथे लावला. बाटली उघडली, हुंगली. कमी. दहा टक्के केले, पुन्हा हुंगली. सिगारेटने बधिर झालेली जीभ, तिला एवढ्याने काय समजणार? पंधरा. वीस. विसाला वेलची बाटलीतून निघून हॉलमध्ये सोफ्यावर येऊन बसली.

"कसं झालंय?"

"छान."

"कमी नाही ना पडली?"

"छे छे, छानच."

त्यानंतर ह्यांना लबानची आवड लागली. लबान म्हणजे आपलं ताकच, बाटलीतलं. जेवण झालं की हे उठायचे, "जरा बकाल्यातून लबान आणतो." सकाळी लबान, संध्याकाळी लबान. रोज कढी करूनही फ्रिजमध्ये दुधाला जागा उरेना. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, ताक आणायला माणसाला इतका वेळ का लागतो आणि परतताना त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास का येतो, हे कळायला मला फार हुशारी लागली नाही.

मी एक बाटली टेबलावर ठेवली आणि समोर बसले. "किती ओढल्या?"

"कशाच्या?"

"लबानच्या."

ह्यांनी मान खाली घातली. "अगं, तुझं ते ओढलं की साबण चाटल्यासारखं होतं. कडू. घसा धरतो."

"मग सांगायचं नाही?"

"तुला? तुझ्या हातच्या पदार्थाला नाव ठेवायचं? मी छातीचा पेशंट आहे, जिवावर उदार नाही झालेलो."

हसू आलं, पण रडूही येत होतं. मी वाढवत गेले होते आणि माझ्या प्रत्येक थेंबाने ह्यांना त्या बकाल्याच्या ओट्यावर ढकललं होतं.

मग मुकाट्याने चार छोट्या बाटल्या केल्या. तीन टक्के, पाच, आठ, बारा. चिठ्ठ्या लावल्या आणि आठवडाभर कपाटात ठेवल्या, वास मुरायला. तोवर हे बिनवासाचं लिक्विड ओढत हिंडले, लग्नात जेवणाआधीच आइस्क्रीम संपल्यावर होतो तसा चेहरा करून. आठवड्याने निवाडा झाला. छान हा शब्द बंद, अशी माझी अट होती.

"हे पाणी. हेही पाणीच. हां, ह्या आठवाल्यात वेलची आहे. आणि हा बारावाला साबणाचा धाकटा भाऊ."

आठ ठरलं. लबान बंद झालं. पण मला झोप कुठली? हा माणूस एकदा गोड बोलून फसवून गेलेला. आता ऑफिसात सिगारेट ओढत असला तर? खिसे हुंगावेत असं वाटे, पण हुंगले नाहीत. माझ्या नाकावरचा माझाच विश्वास उडाला होता.

काही आठवड्यांनी हे म्हणाले, "आठ जरा जास्त लागतंय, पाच कर." मी केलं. पुढे पाचही जड झालं, तीनवर आलो. मी आपली बाटल्या भरत राहिले, मनात शंका तशीच.

आणि परवा जेवताना ह्यांनी दुसरा घास घेतला, थांबले, जीभ टाळ्याला लावून बघितली.

"अगं, आमटीत आज गूळ जास्त पडलाय का?"

लग्नापासून ह्या माणसाने माझी करपलेली भाजीसुद्धा खरपूस म्हणून खाल्ली आहे. एरवी असं म्हणाले असते तर त्या आमटीचं काय झालं असतं, सांगत नाही. पण सिगारेटने बधिर झालेल्या त्या जिभेला आज गूळ कळला होता. मी उठले आणि ह्यांच्या वाटीत आणखी एक डाव आमटी वाढली.

"अगं, गूळ जास्त आहे म्हणतोय ना मी!"

"ऐकलं," मी म्हटलं. "पुन्हा म्हणा."